तिसऱ्या मसुद्यातून गाळलेलं वाक्य

"लड्डू बाँटे उन्होंने, गजभिये साहब. लड्डू!" असं म्हणून गुलशन तनेजांनी पुरावा म्हणून टेबलावरचा खोका पुढे सरकवला. खोक्यात मोतीचुराचे दोन लाडू उरले होते.

सुखदेव गजभियांनी लाडवांकडे तज्ज्ञ माणूस पाहील तसं पाहिलं. म्हणजे काहीच कळलं नाही, पण मान हलवली. शेजारी त्यांची मुलगी लुंबिनी लॅपटॉप उघडून बसली होती. तिने ‘लाडू’ एवढंच टाइप केलं आणि ती थांबली.

प्रकरण असं होतं. पानिपतात तनेजांचा चादरी, पडदे आणि सतरंज्यांचा कारखाना होता, वडिलांच्या वेळचा. त्यातला हातमागाचा विभाग, म्हणजे सहा माग आणि अकरा विणकर, तनेजांना बंद करायचा होता. हातमागाच्या ऑर्डरी आटल्या होत्या आणि त्या शेडमध्ये छपाईचं मशीन यायचं होतं. पण हे त्या अकरा जणांना सांगणार कोण? त्यातल्या निम्म्या लोकांनी तनेजांना चड्डीत पाहिलं होतं आणि ते अजून त्यांना ‘गुल्लू’ म्हणत. म्हणून तनेजांनी दिल्लीहून कम्युनिकेशन कन्सल्टंट बोलावला. तो म्हणजे गजभिये. गजभियांनी तीन आठवड्यांपूर्वी एक नोटीस लिहून दिली, ती फलकावर लागली. एकतीस तारखेला विभाग बंद व्हायचा होता. आज चोवीस तारीख होती आणि अकराच्या अकरा विणकर मजेत होते.

"एकही माणूस हलला नाही," तनेजा म्हणाले. "पहले लेट आते थे, अब टाइम पे आते हैं. नोटीस लॅमिनेट करून घेतली त्यांनी. वर झेंडूची माळ घातलीय. मैं क्या करूँ?"

"म्हणजे टोन पोचला," गजभिये सावधपणे हिंदीत म्हणाले.

"टोन पहुँच गया जी. बात नहीं पहुँची."

इतकं नेमकं वाक्य गजभियांना स्वतःला गेल्या कित्येक वर्षांत सुचलं नव्हतं. त्यांनी ते मनातल्या मनात टिपून ठेवलं.

गजभिये एकतीस वर्षं एका केंद्रीय मंत्रालयाच्या पत्रव्यवहार शाखेत होते. देशाच्या कानाकोपऱ्यातून अर्ज यायचे, आणि त्या अर्जांना ‘नाही’ कळवणं हे शाखेचं काम होतं. गजभियांच्या आधी हे काम छापील कार्डावर व्हायचं. गजभियांनी त्यात माया आणली. त्यांच्या नकारपत्रात अर्जदाराच्या गावाची चौकशी असे, त्याच्या चिकाटीचं कौतुक असे, उज्ज्वल भविष्य तर असेच असे. आणि एवढ्या सगळ्यात नकार कुठेतरी अंग चोरून बसलेला असे. लोक उलट टपाली आभार मानत. त्या आभारपत्रांची जाड फाइल दिल्लीत रोहिणी भागातल्या त्यांच्या फ्लॅटमध्ये, बाबासाहेबांच्या तसबिरीखालच्या कपाटात, लुंबिनीच्या प्रगतिपुस्तकांशेजारी ठेवलेली होती. निरोपसमारंभात सहसचिव म्हणाले होते, "गजभिये नाही म्हणतात तेव्हा माणसाला वाटतं, आपल्याला काहीतरी मिळालं." यावर टाळ्या पडल्या होत्या. त्यात टाळी वाजवण्यासारखं काय होतं, हे कोणी विचारलं नाही.

निवृत्तीनंतर चार महिने ते घरी बसले. पाचव्या महिन्यात कुमुदताईंनी, म्हणजे त्यांच्या पत्नीने, लुंबिनीला फोन केला. "तुझे बाबा भाजीवाल्याला भेंडी नको म्हणून सांगायला गेले आणि दोन किलो घेऊन आले. तो पण खूश, हे पण खूश. माझ्याच्यानं हे रोज होणार नाही. तुझ्या धंद्यात घे यांना."

लुंबिनी तेव्हा गुरुग्रामच्या एका एजन्सीत सात वर्षं काढून कंटाळली होती. तिने नोकरी सोडली, बापलेकीची फर्म काढली, कार्डं छापली आणि वेबसाइट केली. गजभियांची एक सवय होती. ते क्लायंटच्या केबिनमध्ये आधी जात नसत; गेटवर गार्डच्या शेजारी तासभर बसत, चहा पीत, येणारे-जाणारे बघत. त्यांचं म्हणणं असं की काय दुखतंय हे मालक सांगतो, पण कुठे दुखतंय ते गेटवरच कळतं. लुंबिनीने वेबसाइटवर या सवयीला ‘इमर्सिव्ह डायग्नॉस्टिक’ असं नाव दिलं. तेव्हापासून लोक त्यासाठी त्यांना मुद्दाम बोलवू लागले.

आणि खरं सांगायचं तर त्यांचं निदान चुकत नसे. नोएडातल्या एका दवाखान्याला नवं माहितीपत्रक हवं होतं, कारण पेशंट टिकत नव्हते. गजभिये तासभर दारात बसले आणि म्हणाले, माहितीपत्रक नको. आत शिरलेल्या माणसाला ‘या, बसा’ म्हणणारं इथे कोणी नाही, ते बघा. दवाखान्याने एक बाई ठेवली. पेशंट टिकले. हे असं तीन-चार ठिकाणी झालं होतं. फक्त तनेजांच्या कारखान्यात पहिल्या भेटीत ते गेटवर बसले नव्हते. त्या दिवशी पाऊस होता, आणि तनेजांनी छत्री घेऊन स्वतः गाडीपाशी येऊन त्यांना आत नेलं होतं.

"मी जरा गेटवर बसून येतो," आता गजभिये म्हणाले.

"बैठिए, बिल्कुल बैठिए," तनेजा म्हणाले. "पण दुसरी नोटीस आज लिहून द्या. प्यार वैसा ही रखना. बस, थोड़ा समझ में आ जाए."

गेटवरचा गार्ड बलजीत हा सोनिपतकडचा, माणूस बोलका. त्याने स्टूल पुसून दिलं, चहा मागवला, आणि गजभियांनी काही विचारायच्या आत सांगायला सुरुवात केली. जाटल रोडवरच्या एका कारखान्याला परदेशी ऑर्डर मिळाली होती. हाताने विणलेल्या सतरंज्याच हव्या होत्या. त्यांचा सुपरवायझर परवा इथे आला होता, पंधरा माणसं हवीत म्हणून. हातमागाचे विणकर आता मिळतात कुठे! सगळे पाणीपुरीच्या गाड्यांवर गेले.

"मग?"

"मग काय, यासीनमियाँनी परत पाठवला त्याला. आपल्या शेडमधले सगळ्यात जुने. बाकीचे दहा त्यांच्या शब्दाबाहेर नाहीत. त्यांनी त्याला फलकापाशी नेऊन नोटीस दाखवली. म्हणाले, हमें यहाँ ऐसा लिख के दिया है, तुम क्या दोगे?" बलजीत मनापासून हसला. "काल परत आला होता बिचारा. म्हणाला, सहा माणसं दुसरीकडून मिळाली, आता नऊच जागा आहेत, त्या पण आज संध्याकाळपर्यंत. मियाँनी त्याला लाडू दिला आणि परत पाठवला."

गजभियांच्या हातातला चहा तसाच राहिला. त्यावर साय धरली.

"बाबा," लुंबिनी त्यांच्या मागे येऊन उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं. "हे आपल्यामुळे झालंय ना?"

"आपल्यामुळे नाही," गजभिये म्हणाले. "माझ्यामुळे."

शेड कारखान्याच्या मागच्या बाजूला होती. आत जायच्या आधी दोघं फलकापाशी थांबले. नोटीस खरंच लॅमिनेट केलेली होती, माळ ताजी होती. गजभियांनी ती नोटीस तिऱ्हाइतासारखी वाचून पाहिली. आपल्या हातांची ऊब या संस्थेच्या धाग्याधाग्यात आहे, असं तिच्यात होतं. काळाबरोबर वाटा वळण घेतात, असं होतं. एकतीस तारखेपासून हातमाग विभाग आपल्या दीर्घ प्रवासाच्या एका नव्या टप्प्यावर पोचत आहे आणि त्या टप्प्यावरही आपण या कुटुंबाचे अविभाज्य घटक राहाल, असं होतं. भाषा उत्तम होती. खटकावं असं काही नव्हतं. आणि तीच अडचण होती.

"पहिल्या ड्राफ्टमध्ये होतं," लुंबिनी म्हणाली. "‘विभाग बंद होत आहे’, असं. मला आठवतंय."

"होतं. दुसऱ्यात पण होतं."

"मग?"

"तिसऱ्यात काढलं."

"का पण?"

"बाकीच्या मजकुरात बसत नव्हतं," गजभिये म्हणाले.

 फायनल ड्राफ्ट लुंबिनीनेही वाचला होता आणि तिलाही काही कमी वाटलं नव्हतं. उलट तिने ती नोटीस वेबसाइटवर टाकली होती, ‘संघर्षाविना परिवर्तन’ या मथळ्याखाली.

आत मागांवर काम चाललं होतं. लोखंडी फणीला इथे पंजा म्हणतात. आडवा दोरा घातला की पंजाने ठोकून बसवायचा. अकरा माणसांचे ठोके वेगवेगळे पडत होते, आणि काही वेळाने ते अंगात भिनत होते. कोपऱ्यातल्या मागावर एक उंच, वाळका म्हातारा होता. पाहुणे बघून तो उठला, त्याने खांद्यावरच्या गमछ्याने बाक झटकला.

"बैठो जी. बिटिया, तू भी बैठ. दिल्ली से?"

"हो," लुंबिनीच्या तोंडून मराठीत गेलं, मग तिने "हाँ जी" म्हटलं.

"ख़रीदार?"

गजभियांनी मान अशी हलवली की तिचा अर्थ काहीही व्हावा. हे त्यांना सहज जमत असे.

यासीनमियाँनी अर्धी झालेली सतरंजी दाखवली. गडद लाल पट्टा, त्यात निळी नागमोडी. बोलता बोलता त्यांनी फलकाकडे बोट केलं. त्यांच्या नातीने ही नोटीस पाठ केली होती आणि शाळेच्या भाषणस्पर्धेत म्हणून दाखवली होती, दुसरा नंबर आला. लाडू त्याचेच होते. "बेचाळीस वर्षं झाली साहेब या कामाला," ते हिंदीत म्हणाले. "बड़े लालाजी के टाइम से. कोणी ‘शाब्बास’ म्हटलं असेल, नाही असं नाही. पण हमारे हाथों में गर्मी है, ये पहली बार किसी ने लिख के दिया."

गजभिये उठले. 

केबिनमध्ये परत आल्यावर तनेजांनी दोन कोरे कागद आणि स्वतःचं पेन दिलं. गजभियांनी लिहिलं, ‘प्रिय सहकाऱ्यांनो’. मग खोडून ‘विणकर बंधूंनो’ लिहिलं. मग लिहिलं, ‘जड अंतःकरणाने’.

"बाबा," लुंबिनी हळूच म्हणाली, "‘काम बंद’ एवढंच लिहा ना."

"लिहितोय. त्याच्याकडेच येतोय."

"तुम्ही त्याच्या आजूबाजूला... वो क्या कहते हैं... प्रदक्षिणा. प्रदक्षिणा घालताय."

शब्द सापडल्याचा तिला आनंद झाला आणि लगेच वाईट वाटलं. गजभियांनी चौथी ओळ खोडली. मग पाचवी. एकतीस वर्षांत त्यांचा हात असा कधी अडला नव्हता.

त्यांना या हाताचा अभिमान होता, आणि तो उगीच नव्हता. गजभियांचे वडील नागपुरात गिरणीत विणकर होते. सुखदेव बी.ए.च्या पहिल्या वर्षाला असताना एक दिवस गिरणीच्या फाटकावर इंग्रजीत नोटीस लागली. वडिलांनी त्याला सायकलवर डबलसीट नेलं आणि वाचायला लावलं. दीड ओळ होती. अमुक तारखेपासून अमुक खात्यातल्या कामगारांची गरज नाही. सुखदेवने मराठीत सांगितलं.  वडील म्हणाले, "बस, एवढंच? नाव गिव काईच नाई लिवलं?" परत येताना ते सायकलवर बसले नाहीत, सायकल हातात धरून चालत आले. त्या वाटेवर सुखदेवने ठरवलं होतं की आपण कधी कोणाला असं लिहायचं नाही. आणि त्याने कधी लिहिलं नाही.

हा प्रसंग गजभिये लोकांना सांगत असत. लुंबिनीने तो वेबसाइटवर ‘आमच्याविषयी’ या पानावर घातला होता. पण गोष्ट ते नेहमी इथेच संपवायचे. आज पहिल्यांदा त्यांना पुढचं आठवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी सहा वाजता वडिलांनी सायकलच्या चाकांत हवा भरली आणि ते कामठीला गेले. तीन दिवसांत एका पॉवरलूमवर लागले. मन दुखलं होतं, पण कुठे जायचं ते कळलं होतं. नोटिशीचा अर्थ काय, हे त्यांनी कोणाला विचारलं नाही. अर्थ काढायला तिच्यात जागाच नव्हती.

गजभियांनी पेनला टोपण लावलं.

"तनेजाजी, नोटीस नाही. तुम्ही चला आणि तोंडाने सांगा. आत्ता. चार वाजलेत."

"मी?" तनेजा खरंच दचकले. "मैं बोल सकता तो आपको क्यों बुलाता? अहो, यासीनचाचांच्या खांद्यावर बसून मी दसऱ्याचा रावण बघितलाय."

"म्हणूनच."

"म्हणूनच माझ्याच्यानं बोलवत नाही!"

"मी आहे सोबत," गजभिये म्हणाले, आणि ते स्वतःच दाराकडे चालू लागले, कारण थांबले असते तर त्यांना आणखी एक मसुदा सुचला असता.

शेडमध्ये तनेजांनी टाळी वाजवली. ठोके एकेक करून थांबले. अकरा चेहरे वळले, सगळे हसरे.

"देखो भाई," तनेजा म्हणाले, "आप सब मेरा परिवार हो..."

"बिल्कुल!" मागून एक जण म्हणाला.

"और परिवार में... समय समय की बात होती है..." तनेजांचा आवाज विरत गेला. त्यांनी गजभियांकडे पाहिलं. बुडणारा माणूस काठावरच्या माणसाकडे पाहतो तसं. काठावरच्या माणसालाही पोहता येत नव्हतं, पण उडी टाकणं भाग होतं.

"एकतीस तारीख़ से ये शेड बंद है," गजभिये म्हणाले. "काम ख़त्म. माग हटवणार आहेत. इथे तुमच्यापैकी कोणालाच काम राहणार नाही. जाटल रोडवाल्याकडे आज संध्याकाळपर्यंत नऊ जागा आहेत."

पाच वाक्यं. आवाज त्यांना स्वतःलाच परका वाटला.

 सगळ्यांनी यासीनमियाँकडे पाहिलं. यासीनमियाँनी पंजा खाली ठेवला.

"और वो काग़ज़?"

"तो मी लिहिला होता," गजभिये म्हणाले. "ही गोष्ट त्यात लिहायची होती. नाही लिहिली."

"भूल गए?"

"नाही. काढून टाकली."

"क्यों?"

 अशा वेळी द्यायची उत्तरं गजभियांनी आयुष्यभर लिहिली होती, शेकड्यांनी. त्यातलं एकही समोर आलं नाही.

"अच्छी नहीं लग रही थी," ते म्हणाले.

 यासीनमियाँनी फलकाकडे पाहिलं. "लिखा तो अच्छा था," ते म्हणाले. त्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर गजभियांना बरं वाटलं असतं.

मग शेडमध्ये एकदम धावपळ झाली. एकाने स्कूटरची किल्ली शोधली, दुसऱ्याने खुंटीवरचा शर्ट ओढला, तिसरा तनेजांकडे बघत "वाह गुल्लूभाई, वाह" एवढं म्हणाला आणि निघाला. एकेका स्कूटरवर तिघे बसले. एक पोरगेलासा विणकर यासीनमियाँसाठी दारात थांबला. "चाचा, आओ ना, जगह है."

"तू जा," यासीनमियाँ म्हणाले. "बित्ता भर बचा है. उतार के आता हूँ."

"चाचा, साडेपाचला बंद करेल तो."

"जा, जा."

शेड रिकामी झाली. यासीनमियाँ परत मागावर बसले. एकट्याचा ठोका फार वेगळा येतो.

"अहो, तुम्ही पण जा," गजभिये काकुळतीने म्हणाले. "सतरंजीचं काय एवढं!"

"माग नौ, आदमी ग्यारह," यासीनमियाँ मान वर न करता म्हणाले. "या पोरांना लहान लहान लेकरं आहेत. मी त्यांच्या आधी पोचलो तर सुपरवायझर मला घेईल, माझा हात त्याला माहीत आहे. म्हणून ज़रा देर से जाऊँगा."

परवा पंधरा जागा होत्या. हे शेडमधल्या चौघांनाही माहीत होतं. 

सव्वापाचला सतरंजी उतरली. यासीनमियाँनी तिची गुंडाळी करून तनेजांच्या हातात दिली. तनेजांनी ती घेतली आणि ते लहान मुलासारखे रडू लागले. यासीनमियाँनी त्यांच्या पाठीवरून हात फिरवला. "बस, गुल्लू. बस." मग गजभियांकडे वळून म्हणाले, "साहब, आप लिखते अच्छा हो. तिथे दाखवायला एक चिठ्ठी लिहून द्या मला. पक्की वाली."

गजभियांनी कागद मागावरच टेकवला. लुंबिनी त्यांच्या खांद्यावरून बघत होती. बापाच्या हाताची तिला लहानपणापासून ओळख होती. वाक्य सुरू करण्याआधी तो हवेत एक छोटा फेरा घेई. आज त्याने फेरा घेतला नाही. हिंदीत, ठळक अक्षरात, त्यांनी लिहिलं:

यासीन अन्सारी. बेचाळीस वर्षं सतरंज्या विणतात. चांगल्या विणतात. यांना काम द्या.

खाली तनेजांनी सही केली. यासीनमियाँनी कागद दूर धरून, ओठ हलवत वाचला.

"बस, इतना ही?"

"इतकंच."

"ठीक है," ते म्हणाले, पण कागद त्यांनी उलटून पाठीमागे काही आहे का तेही पाहिलं.

जाटल रोडपर्यंत लुंबिनीने गाडी हाणली. यासीनमियाँ मागे बसले होते, गुडघे वर, हात मांडीवर. गाडी मळेल म्हणून ते कशालाच टेकले नव्हते.  वाटेत लुंबिनी हळूच मराठीत म्हणाली, "वेबसाइटवरून ते ‘संघर्षाविना परिवर्तन’ काढून टाकते, आज घरी गेल्यावर."

"काढू नकोस," गजभिये म्हणाले. "शेवट बदल."

"काय लिहू?"

"काय झालं ते लिही."

"मग आपल्याला कोण बोलावणार, बाबा?"



कारखान्याचं मोठं फाटक बंद झालं होतं, पण त्यातला लहान दरवाजा उघडा होता. बाहेर खुर्ची टाकून सुपरवायझर बसला होता, हातात यादी. त्याने चिठ्ठी घेतली. ती वाचायला त्याला फारसा वेळ लागला नाही. त्याने वर पाहिलं, यासीनमियाँना ओळखलं, आणि तो खुर्चीतून उठून उभा राहिला.

"चाचा, परसों आते ना!" तो कळवळून म्हणाला. "परसों मैं ख़ुद आया था!"

"हाँ. आए थे."

"माग भर गए. जास्तीच्या एका पोराला पण मी परत पाठवला आत्ता." त्याने यादीवर पेन आपटलं, जणू चूक यादीची होती. "झालरी बांधायला माणूस हवाय. बायकांमध्ये बसावं लागेल. आपसे कैसे कहूँ..."

गजभिये गाडीतून उतरून दोन पावलं पुढे आले होते. त्यांच्या तोंडाशी किती तरी वाक्यं आली. झालर म्हणजे सतरंजीचा शेवट नव्हे, तिची शोभा, असं एक वाक्य तर अगदी जुळून आलं होतं. ते त्यांनी गिळलं.

"माझी बायको झालरी बांधायची," यासीनमियाँ म्हणाले. "मी तिला नावं ठेवायचो. गाँठ ढीली है, गाँठ ढीली है." ते थोडं हसले. "अब देखते हैं, मेरी कैसी पड़ती है."

त्यांनी चिठ्ठी सुपरवायझरकडून परत मागून घेतली, घडी करून खिशात ठेवली, आणि लुंबिनीच्या डोक्यावर हात ठेवला. गजभियांना त्यांनी नुसता सलाम केला, जसा कोणत्याही साहेबाला करतात.

दरवाजा बुटका होता आणि यासीनमियाँ उंच. ते वाकले आणि आत गेले. आत गेल्यावर ते सरळ झाले की नाही, ते बाहेरून दिसलं नाही.